‘बंदी घालू’ म्हणणाऱ्याला आधी विचार, मैदान कोणाचं?

पत्र असं आलं आहे:

‘ताई, मी लालबागचा. वय १९. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम खेळतो, आमच्या टीमचा आयजीएल, म्हणजे कॅप्टन आहे. ऑर्ग, म्हणजे टीमची मालक कंपनी, महिन्याला २२ हजार देते, बक्षिसातले ३० टक्के ती ठेवते. पुढच्या महिन्यात एक संघटना राज्याची निवड चाचणी घेतेय. ते म्हणतात, आमच्या मान्यतेशिवायच्या लीगमध्ये खेळलास तर कायमची बंदी. ऑर्गचे मालक म्हणतात, त्या चाचणीला गेलास तर करार मोडला, आठ लाख बायआउट भर. त्यात आमचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. बाकीच्या चौघांनी मिळून मालकांना पत्र लिहिलंय, त्यावर माझी सही बाकी आहे. मालकांनी मला एकट्याला अंधेरीच्या ऑफिसात बोलावून सांगितलं, तू सही करू नकोस, तुझं मी बघतो. त्यांनी एक नवीन कागदही दिलाय. जुनाच आहे, नूतनीकरणाची फॉर्मॅलिटी आहे म्हणाले. जुन्यावर सही केली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. बाबा म्हणतात, मोबाइल ठेव आणि रेल्वेच्या परीक्षेला बस. आजोबा गिरणीत होते, त्यांना सगळं सांगितलं तर ते नुसते हसतात. मी कोणाचं ऐकू?’

मित्रा,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून मोकळा झालास. सतरा वर्षांचा होतो, हे. त्याच्याकडे येते. आधी या बंदीचं भूत उतरवू, कारण तुझी झोप त्यानं उडवलेली दिसते.

तुमच्याकडे लालबाग-परळला कबड्डीची मंडळं किती आहेत हे मी तुला सांगायला नको. चुन्याची फक्की मारून रेषा आखल्या की मैदान तयार. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. त्यामुळे फेडरेशन, लीग, मंडळं यांची भांडणं कितीही पेटली, अगदी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला भारतीय कबड्डी महासंघावर प्रशासक बसवावा लागला, तरी संध्याकाळी पोरं मैदानात उतरायची थांबली नाहीत. तुझ्या खेळाचं तसं नाही. तुझं मैदान ही क्राफ्टन नावाच्या कंपनीची खासगी मालमत्ता आहे. सर्व्हर क्राफ्टनचा, नकाशा क्राफ्टनचा, बंदूकसुद्धा क्राफ्टनची. बीजीएमआयची स्पर्धा भरवायची तर तिची परवानगी लागते, मग भरवणारी लीग असो नाहीतर संघटना.

यावरून जगातली पहिली मोठी लढाई कोरियात झाली. तिथे स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमचे सामने टीव्हीवर दिसायचे, लोक क्रिकेटसारखे बघायचे. २००० साली केस्पा नावाची संघटना निघाली, खेळाडूंची नोंदणी, टीम, लीग सगळं तिच्या हातात. २००७ च्या सुमारास तिनं प्रक्षेपणाचे हक्क विकायला काढले, तेव्हा अमेरिकेतून स्टारक्राफ्ट बनवणारी ब्लिझार्ड म्हणाली, अहो, खेळ आमचा आहे, तुम्ही विकताय काय? वर्षानुवर्षं हे चाललं. २०१० मध्ये ब्लिझार्डनं केस्पाला बाजूला सारून दुसऱ्याच कंपनीला हक्क दिले, प्रकरण कोर्टात गेलं आणि मे २०११ मध्ये तडजोड झाली. केस्पाजवळ खेळाडू होते, प्रेक्षक होते, सरकारदरबारी वजन होतं. तरी खेळाची मालक कोण, हा प्रश्न तिला ओलांडता आला नाही. आणि तुझ्या राज्य संघटनेच्या हातात, तुझ्याच पत्रावरून, एक लेटरहेड दिसतंय.

आपल्याकडे कंपनीच्याही वर एक हात आहे, सरकारचा. तो तू अनुभवला असशील. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा तू शाळेत असशील. २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, आला, पुढच्या जुलैत ॲप स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या दहा महिन्यांत कुठल्या संघटनेनं तो परत आणला? कुठल्या लीगनं? क्राफ्टन आणि दिल्ली यांच्यात काय ते बोलणं झालं. संघटना आणि ऑर्ग तुझ्यावरून ज्या तावातावानं भांडतायत ते पाहून मला बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आठवली. तुरी दोघांच्याही नाहीत.

मग बंदीला काहीच अर्थ नसतो का? असतो, जिथे बंदी घालणाऱ्याकडे मैदान असतं तिथे. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग निघाली तेव्हा तिकडे गेलेल्या खेळाडूंना बीसीसीआयनं बाहेर काढलं आणि त्यांना खरोखर खेळायला जागा उरली नाही, कारण रणजी, मैदानं, देशाचा संघ सगळं एकाच घरात. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, माफी जाहीर झाली आणि बरेच जण परतले. अंबाती रायडू त्यातलाच, पुढे वानखेडेवर मुंबई इंडियन्सकडून खेळला. त्यातही लक्षात घे, बंदी इतकी कडक असूनही दोन वर्षांत वितळली. तुझ्या संघटनेजवळ तर वितळायला बर्फही नाही.

तिच्याकडे असू शकतं ते एकच, देशाच्या संघात जाण्याचा रस्ता. हे हलकं समजू नकोस. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमचे सामने, नुसते प्रदर्शनीय होते, तरी तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं. हांगझोऊला, २०२३ मध्ये, खरी पदकं होती. तिथे जायचं तर संघटनेचा शिक्का लागतोच. पण कुठल्या संघटनेचा? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे दिले, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात त्यांची व्याख्याही आली. हे सगळं खेळाला आहे. खेळाला मान्यता मिळाली म्हणून त्या खेळाच्या नावानं पाटी लावणाऱ्या प्रत्येकाला मान्यता मिळत नाही. तेव्हा चाचणीचा फॉर्म भरण्याआधी या लोकांना ईमेलवर, व्हॉट्सॲपवर नको, दोन गोष्टी विचार. राष्ट्रीय पातळीवर तुम्ही कोणाशी संलग्न आहात, पत्र दाखवा. आणि या स्पर्धेला क्राफ्टनची परवानगी आहे का, ती दाखवा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समज. प्रवेश फी किती घेतायत तेही बघ. स्पर्धेत उतरण्यासाठी, खर्चापुरती फी घेणं या कायद्याला चालतं, कामगिरीवर बक्षीसही चालतं, पण पैसे लावून पैसे जिंकण्याचा वास आला तर तिथून निघ. तसे खेळ भरवणं या कायद्यानं गुन्हा ठरवलंय.

आता आजोबांच्या हसण्याबद्दल. मला वाटतं, मला कळलं ते का हसतात.

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द तुझ्या आजोबांनी आयुष्यभर ऐकलाय. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच युनियनला प्रतिनिधी म्हणून मान्यता होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालकाशी बोलायचं तिनंच, करार करायचा तिनंच, कामगाराला ती नको असली तरी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर तो कायदा जाऊ दे, हीसुद्धा मागणी होती. मान्यता एकीकडे होती आणि माणसं दुसरीकडे. आता नातू येऊन सांगतो, एक मान्यताप्राप्त संघटना आहे, ती म्हणते आम्हीच तुमचे. आजोबा हसणार नाहीत तर काय करतील? त्यांना एकदा नीट बसून विचार, गेटवर काय व्हायचं. तुझ्या टीमचा पाचवा गडी, जो बेंचवर बसतो आणि ज्याला मॅच मिळाली तर पैसे, त्याला त्यांच्या भाषेत ‘बदली’ म्हणायचे. ते लगेच ओळखतील.

(त्या संपाचं पुढे काय झालं ते तुझ्या खिडकीतून दिसतंच. गिरणीच्या जागी टॉवर आहेत. म्हणून कुणी ‘सगळे मिळून खेळणंच बंद करू’ म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस.)

चौघांच्या पत्रावर सही करायची का, हा तुझा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर हो. मालकांनी तुला एकट्याला बोलावलं यातच ते पत्र त्यांना लागलं आहे हे कळतं. पाच जणांतला कॅप्टन फोडला की उरलेले चार म्हणजे तक्रारखोर पोरं, ही युक्ती मुकादमाच्या काळापासून चालत आलीय. ‘तुझं मी बघतो’ याचा हिशोब कुठल्या वहीत लिहून ठेवला आहे का त्यांनी? दोन महिन्यांचे ४४ हजार तुझेही थकलेत ना?

पण किंमत पडत नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या काही टीममालकांनी एकत्र येऊन स्वतःची काउंटर-स्ट्राइक लीग काढली आणि खेळाडूंनी दुसऱ्या लीगमध्ये खेळू नये असा घाट घातला. डिसेंबरमध्ये पंचवीस खेळाडूंनी मिळून जाहीर पत्र लिहिलं की कुठे खेळायचं हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका. त्यातल्या शॉन गॅरेसला त्याच्या टीमनं काढून टाकलं. पंचवीस जण होते म्हणून एकाच्या जाण्यानं पत्र मेलं नाही, महिनाभरात मालकांनी ती लीगच गुंडाळून ठेवली. २०२३ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सच्या अमेरिकन लीगमध्ये त्या खेळाची मालक कंपनी रायट हिनं दुय्यम संघ ठेवण्याची टीमवरची सक्ती उठवली, म्हणजे पुष्कळ नव्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या. खेळाडूंच्या संघटनेनं मतदान घेऊन बहिष्कार घातला. गंमत अशी की ही संघटना २०१७ मध्ये रायटच्याच पैशानं सुरू झाली होती. रायटनं हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला, सगळा हंगामच रद्द करू अशी ताकीदही दिली आणि मग तडजोड झाली. सगळं मिळालं नाही, थोडं पदरात पडलं. पण टेबलावर बसायला खुर्ची मिळाली, जी त्याआधी मिळत नव्हती.

तुम्ही पंचवीस नाही, पाच आहात. म्हणून पत्र लहान ठेवा. थकलेली रक्कम, कुठल्या महिन्याची, बक्षीस कुठल्या स्पर्धेचं, किती, आयोजकांकडून ऑर्गला कधी मिळालं याची विचारणा, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. राग, इमोजी, ‘आमचं करिअर’ वगैरे सगळं काढून टाका. लाइव्ह स्ट्रीमवर जाऊन यातलं अक्षरही बोलू नका. पंधरा दिवसांनंतर काय ते बघू. आणि पाचही सह्या एकाच कागदावर, एकाच दिवशी, बदलीचीसुद्धा.

आता सतरा वर्षं.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याला, करार करता येत नाही. तो करार कच्चा वगैरे नसतो, मुळातच नसतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबीच्या खटल्यात हे सांगितलं आणि आजवर तेच धरलं जातं. अठरा पूर्ण झाल्यावर ‘जुनं मान्य आहे’ म्हणूनही त्याला जीव येत नाही, नव्यानं करार करावा लागतो. पालकांनी सही केली होती का हे तू लिहिलं नाहीस. केली असेल तर वकील थोडा वेगळा विचार करेल. अठरानंतर तू पगार घेत खेळलास त्याचा काय अर्थ लावायचा हेही तो सांगेल. पण मालकांना हे माहीत आहे असं मला वाटतं. नाहीतर चालू करार मध्येच कोण कशाला नूतनीकरण करायला काढेल? तो नवीन कागद फॉर्मॅलिटी नाही. ते ज्याच्या जोरावर तुला आठ लाखांची भीती घालतायत तो कागद बहुधा तो नवाच आहे, आणि त्यावर अजून तुझी सही नाही. समजलं ना? त्यांना तुझी सही हवी आहे, तुला त्यांची नको आहे. महिनाभरात तुमच्यातलं हे एकमेव असं टेबल आहे जिथे तू वरच्या बाजूला बसला आहेस.

बरं, समजा करार पक्का आहे असं धरलं, तरी आठ लाखांचं काय? बायआउट म्हणजे दुसऱ्या ऑर्गनं तुला मुदतीत उचलायचं तर त्यांनी मोजायची रक्कम. एका चाचणीला गेलास म्हणून तू भरायचा दंड नव्हे, तुमच्या करारात तसं वेगळं लिहिलेलं नसेल तर. आणि दंड म्हणून लिहिलं असलं तरी कोर्ट आकडा जसाच्या तसा वसूल करून देत नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई काय ते बघतं.

एक मात्र सांगून ठेवते, म्हणजे माझ्या भरवशावर उड्या मारशील तर पंचाईत नको. करार खरा असेल तर त्याच्या मुदतीत दुसऱ्या टीमकडे पळता येत नाही. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतला एक तंत्रज्ञ, गोळीकरी, पाच वर्षांचा करार मध्येच टाकून दुसऱ्या कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुदतीपुरतं बंधन योग्य आहे. मुदत संपल्यानंतरची गोष्ट मात्र वेगळी. झहीर खानचा एका एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता, त्यात अट होती की संपल्यावरसुद्धा दुसरीकडे जाण्याआधी तिथे काय मिळतंय ते आधी आम्हाला दाखव. मुंबई उच्च न्यायालयातून ते प्रकरण दिल्लीला गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झहीरच्या बाजूनं सांगितलं, करार संपल्यावर असं बांधून ठेवता येत नाही. तुझ्या नव्या कागदात ‘सोडल्यावर सहा महिने प्रतिस्पर्धी टीमकडून खेळणार नाही’ असं कलम असणार, पैज लावते. ते वाचून घाबरू नकोस. ते बहुतेकांच्या कागदात असतं, पोरांना घाबरवण्यापुरतं.

खरं घाबरायचं ते ‘ऑर्गच्या इच्छेनुसार एक वर्ष वाढवता येईल’ या ओळीला. वाढवायचं असेल तर दोघांच्या सहीनं, वाढीव पगारावर. पगार कुठल्या तारखेला हे लिहिलेलं हवं आणि तीस दिवस थकला तर तू मोकळा, हेही. बक्षिसाची रक्कम ऑर्गच्या खात्यात आल्यापासून किती दिवसांत तुमच्या खात्यात, टीडीएस कापल्याची पावती कोण देणार, देशाच्या निवडीसाठी बोलावणं आलं तर सुट्टी. स्लॉटबद्दल, म्हणजे लीगमधल्या जागेबद्दल, लीगचं नियमपुस्तक उघडून बघ: स्लॉट ऑर्गचा की रोस्टरचा, म्हणजे खेळाडूंचा? पाचातले किती जण एकत्र बाहेर पडले तर स्लॉट त्यांच्याबरोबर जातो? यावर तुमच्या पत्राचं वजन ठरतं. तो स्लॉट तुमच्याबरोबर जाणार असेल तर मालक पंधराव्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी फोन करतील. वाद झाला तर कुठल्या शहरात, हेही बघ. अंधेरीच्या ऑफिसची सही आणि तारखेला बेंगळुरूला जा, असं असतं कधी कधी.

बाबांचं म्हणणं तुला लागलेलं दिसतं. परीक्षेला बस. त्यात काही जात नाही, फॉर्म भर, स्क्रिम, म्हणजे तुमचे सराव सामने, संध्याकाळी असतात. मनगटाचं आयुष्य किती ते कोणाला माहीत नसतं आणि खेळ एका रात्रीत ॲप स्टोअरवरून उठून जाऊ शकतो हे तू एकदा पाहिलंयस. पण बाबांना एक काम दे. त्या नव्या कागदाची पानं त्यांना मोठ्यानं वाचायला लाव. तू शांत बस. जिथे ते अडखळतील तिथे पेन्सिलीनं खूण कर.

त्या खुणांसकट वकिलाकडे जा. ओळखीचा नसेल आणि घरची कमाई मर्यादेत बसत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील फुकट मिळतो. मालकांना तोवर एवढंच कळव की कागद वकिलाला दाखवून सांगतो. ते चिडले तर चिडू दे. आणि जाताना शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा, मूळ प्रत, त्यावर जन्मतारीख असते.